सावलीचा रंग, सावलीचा विटाळ

‘ही प्रत्येक स्त्रीची गोष्ट आहे’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. यावेळी ते मला चेन्नईत भेटलं, एका चित्रप्रदर्शनाच्या दाराशी लावलेल्या फलकावर. तुम्हालाही ते भेटलेलं असणार. आठ मार्चच्या कार्यक्रमात, महिला कक्षाच्या उद्घाटनाच्या भाषणात, एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर. वाक्य गोड आहे, कुणाचं मन दुखवत नाही, आणि म्हणूनच ते इतकं टिकलंय. ‘प्रत्येक’ हा शब्द उच्चारला की बोलणाऱ्याला स्वतःची जात सांगावी लागत नाही.

मी सध्या संशोधनाच्या कामासाठी चेन्नईत आहे. दिवसभर एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात जुने कागद चाळायचे आणि संध्याकाळी डोळ्यांना जरा आराम द्यायचा, असा क्रम चाललाय. एका सांस्कृतिक संस्थेच्या छोट्या दालनात बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीच्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत असं कळलं, म्हणून मी आणि माझी तमिळ मैत्रीण तिथे गेलो. ती तिरुनेलवेलीची, माझ्यासारखीच घरातली पहिली पदवीधर. प्रतिकृती होत्या हे आधीच सांगते. मूळ चित्रं पाहायची तर पॅरिस नाहीतर वॉशिंग्टन गाठावं लागतं, आणि आपल्या फेलोशिपचे पैसे कधी जमा होतात हे तुम्हाला ठाऊक आहे.

ज्यांच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना मिळालेला जादा तास असायचा, त्यांच्यासाठी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये चित्रकाराचं नाव व्हायचं ते ‘सालों’ या मान्यताप्राप्त मोठ्या प्रदर्शनातून. देवदेवता, राजे, लढाया, गुळगुळीत रंगकाम. त्याला विटलेले तीसेक चित्रकार एकत्र आले आणि १५ एप्रिल १८७४ रोजी त्यांनी स्वतःचं प्रदर्शन उघडलं, नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. (‘नाडार?’ माझी मैत्रीण इतक्या जोरात हसली की रखवालदाराने वळून पाहिलं. तिच्या जिल्ह्यात हे आडनाव नाही, जात आहे.) त्यांत मोने होता, देगा, पिसारो, रन्वार, सेझान. हिणवायला म्हणून एका समीक्षकाने मोनेच्या चित्राच्या नावावरून त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मराठी पुस्तकांत त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. दिवसाचा उजेड त्या क्षणी डोळ्यांना जसा दिसतो तसाच रंगवायचा, स्टुडिओतल्या तपकिरी अंधारात बसून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. या पहिल्या प्रदर्शनात मोरिझो ही एकटी स्त्री होती. पुढच्या बारा वर्षांत या गटाने एकूण आठ प्रदर्शनं भरवली, त्यांतल्या सातांत ती आहे. एक चुकलं ते १८७९ चं, मुलीच्या जन्मानंतरचं.

मोरिझोला कमी लेखायला मी बसलेले नाही. तिची वाट अडवली गेली होती हे खरंच आहे. पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयाने मुलींना दार उघडलं ते १८९७ साली. ती १८९५ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी वारली. तिच्या पहिल्या शिक्षकांपैकी एकाने तिच्या आईला बजावलं होतं की तुमच्या मुली नुसत्या हौशी राहणार नाहीत, चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात ती आपत्तीच ठरेल. तिची बहीण एडमा तिच्याइतकीच चांगली चित्रं काढायची. १८६९ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचा ब्रश सुटला. बर्थचं नाव आधी लोकांना कळलं ते एदुआर मानेच्या चित्रांत बसणारी बाई म्हणून. नंतर ती त्याच्याच भावाशी लग्न करून त्या घरात गेली. आणि इतकी चित्रं काढून, विकून, मेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं गेलं: व्यवसाय नाही.

हा शेवटचा तपशील फलकावर मोठ्या अक्षरात होता, आणि बायका त्याच्यासमोर थांबून फोटो काढत होत्या. मीही थांबले. कॉलेजच्या प्रवेशअर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना असतो. माझी आई सोळा वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी करते. अर्ज तपासणारे कारकून पेन न उचलता ‘गृहिणी’ लिहून टाकतात, आणि ‘नाही, ती काम करते’ असं म्हटलं की विचारतात, ‘कुठे? घरकामच ना?’ मराठीत ‘घरकाम’ हा एकच शब्द दोन्हींना चालतो. स्वतःच्या घरातलं बिनपगारी आणि दुसऱ्याच्या घरातलं चारशे-पाचशे रुपयांचं. एका बाईचं घरकाम दुसऱ्या बाईने केलं तर पहिलीचा ब्रश चालू राहतो, आणि व्यवसाय मात्र दोघींच्याही नावावर लागत नाही. पण पहिलीची दखल दीडशे वर्षांनी का होईना, घेतली जाते. फलक लागतो.

आता चित्रांकडे येते. ‘पाळणा’ हे १८७२ चं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलं असेल. एडमा पाळण्यात झोपलेल्या आपल्या लेकीकडे पाहतेय. मध्ये झिरझिरीत पांढरा पडदा, त्यातून येणारा मऊ उजेड. चित्र सुंदर आहे. पडद्यामागचं मूल रंगवणं, म्हणजे एकाच वेळी पडदाही दिसला पाहिजे आणि मूलही, हे किती अवघड असेल ते मला चित्रकला न येतासुद्धा कळलं. मी बराच वेळ उभी राहिले. आणि उभी असतानाच मला मुक्ता साळवे आठवली.

मुक्ता ही सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. १८५५ साली, चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात-पावसात त्यांचे हाल होतात, आणि हे तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून समजून घ्या. ‘पाळणा’च्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीच्या पोटातली भूक लिहिली, तिला तर पुढे शंभरएक वर्षं उलटलेली होती. पाळण्यावर जाळीचा पडदा की डोक्यावर छप्परही नाही, हा फरक केवळ फ्रान्स आणि हिंदुस्थान यांच्यातला नाही. मुक्ता लिहीत होती त्याच पुण्यात जाळीचे पडदे असलेले पाळणेही होते. त्यांना दोरी कोण देत होतं, ते आपल्याला माहीत आहे.

प्रदर्शनाच्या आतल्या भिंतीवर ते चित्र होतं ज्याच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. आज ते ‘ज्युली मानेला पाजणारी दाई अँजेल’ अशा नावाने ओळखलं जातं. साल १८८०. बागेत बसलेली एक बाई, पांढरे कपडे, मांडीवर बाळ. हिरवा, पांढरा, गुलाबी, सगळं एकमेकांत वाहिलेलं. दाईचा चेहरा जवळजवळ विरघळलेला आहे, नाकडोळे शोधावे लागतात. बाळ चित्रकर्तीचं, दूध दुसरीचं.

लिंडा नॉक्लिन या कलाइतिहासकार बाईंनी १९८८ साली या एका चित्रावर सबंध निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की हे चित्र वरवर निवांत वाटतं, पण इथे दोन बायका कामावर आहेत. एक पैशासाठी दूध पाजतेय आणि दुसरी, जी चित्रात दिसत नाही, ती विकण्यासाठी चित्र काढतेय. चित्रकर्ती आपल्याच बाळाच्या पोषणाकडे दुसऱ्या बाईचं काम म्हणून पाहते आहे. हा निबंध मी एम.ए.ला असताना झेरॉक्सवर वाचला होता, चित्र काळंपांढरं, शाई पसरलेली. रंगीत पाहिल्यावर मला वेगळंच सुचलं. मी मैत्रिणीला विचारलं, ‘अँजेलचं स्वतःचं बाळ कुठेय?’

कारण दूध यायला आधी बाळंत व्हावं लागतं. पॅरिसच्या सुखवस्तू घरांत येणाऱ्या दाया बऱ्याचदा खेड्यांतून, विशेषतः बर्गंडीच्या मोर्व्हां भागातून येत. त्यांची पोरं मागे गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी दुधावर किंवा बाटलीवर. त्यांतली किती दगावायची याचा इतका बोभाटा झाला की फ्रेंच संसदेने डिसेंबर १८७४ मध्ये दायांच्या हवाली केलेल्या अर्भकांवर देखरेख ठेवणारा कायदा केला. साल पुन्हा पाहा: इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनाचंच. ज्या हंगामात ‘पाळणा’ भिंतीवर लागला, त्याच वर्षी दाईच्या पोराचा जीव हा कायद्याचा विषय झाला. अँजेलच्या बाळाचं काय झालं याची नोंद चित्रात नाही, फलकावर नाही. ज्युली मानेचं मात्र सगळं आहे: तिची वाढ, तिचं पियानो, तिचं व्हायोलिन, तिचा कुत्रा, तिची रोजनिशी.

तर ही ‘प्रत्येक स्त्रीची’ गोष्ट असेल, तर अँजेल कोण?

इथे मोरिझोच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तिने अँजेलला चित्राच्या मधोमध बसवलं, लपवलं नाही. आपल्या घरातलं दूध विकत घेतलेलं आहे हे तिने रंगांत कबूल केलं. तिची ‘वाळत घातलेलं धुणं’ सारखी चित्रंही तशीच. आपल्याकडच्या किती सवर्ण लेखिकांच्या आत्मचरित्रांत त्यांच्या स्वयंपाकिणीचं, पोरं सांभाळणाऱ्या बाईचं नाव येतं? ‘आमच्याकडे एक बाई होत्या’ इथवर मजल जाते. पहाटे उठून लिहिलं, संसार सांभाळून लिहिलं, असं त्या सांगतात, आणि संसार सांभाळणारी दुसरीच असते. माझा राग मोरिझोवर नाहीच. तिच्या नावाने फलक लिहिणाऱ्यांवर आहे.

कारण पॅरिसमध्ये अँजेल गरीब होती, खेड्यातली होती, पण तिची नात शिकली तर दाई राहणार नव्हती. आपल्याकडे हे काम जन्माने मिळतं. मराठी मुलखात सुईणपण कितीतरी गावांत मांग समाजातल्या बायकांकडे होतं, तमिळ मुलखात न्हाव्याच्या जातीतल्या बायकांकडे. बाळंतपणाचा विटाळ, म्हणून तो ज्यांच्यावर आधीच विटाळाचा शिक्का आहे त्यांनीच उचलायचा. हात चालतात, नाळ कापलेली चालते, पण बाराव्या दिवशी त्याच हातांना पाळण्याला शिवू देत नाहीत. गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये आणि मग शर्मिला रेगेंनी १९९८ मध्ये दलित स्त्रिया वेगळं बोलतात हे मांडलं, तेव्हा मुख्य प्रवाहातल्या अनेकींना ते फूट पाडणारं वाटलं. त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. ‘प्रत्येक’ अजून फलकावर आहे.

धुण्याच्या चित्राकडे परत येते. ते १८७५ चं. पॅरिसजवळची मोकळी जागा, दोऱ्यांवर पांढरे कपडे, बायका, दूरवर कारखान्यांची धुराडी, आणि सगळ्यावर भरपूर ऊन. इम्प्रेशनिस्टांची खरी करामत उजेडाइतकीच सावलीतही आहे. त्यांच्याआधी सावली म्हणजे काळा किंवा तपकिरी रंग मिसळायचा. यांनी उन्हात उभं राहून पाहिलं आणि सांगितलं की सावली काळी नसते. बर्फावर ती निळी असते, गवतावर जांभळट, पांढऱ्या कपड्यावर करडी-हिरवी. सावली लांब पडते ती सकाळी आणि संध्याकाळी, आणि या मंडळींचा जीव त्या तिरप्या उजेडावर फार.

सकाळची आणि संध्याकाळची लांब सावली! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो सौंदर्याने नव्हे. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण सगळे घुर्ये वाचतो. १९३२ सालच्या त्यांच्या जात आणि वंशावरच्या पुस्तकात नोंद आहे की पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत. का? त्या वेळी अंगाची सावली लांब पडते आणि ती ब्राह्मणावर पडून त्याला विटाळते. म्हणजे जे तास इम्प्रेशनिस्टांना सर्वांत प्रिय, नेमके तेच तास आपल्या पूर्वजांना शहराबाहेर काढायचे. एका ठिकाणी सावलीला रंग सापडला. दुसऱ्या ठिकाणी सावलीला जात होती.

हे मी मैत्रिणीला सांगत होते तर ती म्हणाली, ‘अक्का, तुमच्याकडे निदान दुपार होती.’ मग तिने पुदिरै वण्णार लोकांबद्दल सांगितलं. ही दलितांचे कपडे धुणारी जात, अस्पृश्यांनीही अस्पृश्य मानलेली. बाळंतपणाचे, पाळीचे, मयताचे कपडे त्यांच्याकडे. १९३२ च्या डिसेंबरात ‘द हिंदू’मध्ये तिरुनेलवेली भागातल्या या लोकांविषयी छापून आलं होतं की ते दृष्टीलाही पडायचे नाहीत, म्हणून दिवसा बाहेर निघत नाहीत, मध्यरात्र ते पहाट या वेळात धुणं धुतात. धुणं, पण ऊन नाही. मोरिझोच्या त्या चित्रातून ऊन काढून टाका आणि बघा काय उरतं.

यातली अडचणीची गोष्ट मैत्रिणीने टाळली नाही, म्हणून मीही टाळत नाही. पुदिरै वण्णारांचा उजेड काढून घेण्यात दलित वस्त्यांचाही हात होता. इमैयम यांची ‘कोवेरु कळुदैगळ’ ही १९९४ ची कादंबरी अशाच एका धोबिणीची, आरोक्यमची कथा सांगते, आणि ती आली तेव्हा आपल्यातल्याच काहींना ती झोंबली होती. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती हीच. प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी मिळतं, म्हणून उतरंड हलत नाही. ‘प्रत्येक स्त्री’ या शब्दावर हल्ला चढवताना ‘प्रत्येक दलित’ हा शब्दही तितक्याच सावधपणे वापरायला हवा.

‘कलेत जात कशाला आणता?’ हा प्रश्न आता येणारच. तिथल्या तिथे आलाही. आमचं बोलणं ऐकून एक बाई नम्रपणे म्हणाल्या की चित्र आधी चित्र म्हणून बघावं. मला त्यांचं म्हणणं पटवून घ्यायला आवडलं असतं. पण आम्ही दोघी नुसतं चित्र बघत होतो तेव्हाच दाईचा चेहरा शोधत होतो, आणि त्या स्वतः त्यावरून पुढे गेल्या होत्या. चित्र म्हणून बघणं म्हणजे ब्रशचे फटकारे बघणं आणि फटकाऱ्यांखालचा माणूस न बघणं, असा नियम कुणी केला? पाळण्याजवळ उभं राहून ‘किती हळुवार’ म्हणणारीही स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या बारशातलं काहीतरी बरोबर घेऊनच आलेली असते. तिचं ते आस्वाद ठरतं आणि आमचं राजकारण.

दुसऱ्या दिवशी अभिलेखागार अर्ध्या दिवसाने सोडून आम्ही एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेलो. १८५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. इथे राजा रवि वर्म्याची चित्रं आहेत म्हणून लोक येतात. मद्रासच्या १८७३ च्या प्रदर्शनात त्याला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं ते केसांत मोगऱ्याचा गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रासाठी. पॅरिसमध्ये नादारच्या स्टुडिओत भिंती रंगायच्या एक वर्ष आधी, आणि पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली गेली, सत्यशोधक समाज उभा राहिला त्याच वर्षी. ज्या त्रावणकोरातून हा चित्रकार आला, तिथे नाडार बायकांना अंगावर कापड घेण्यासाठी दशकानुदशकं मार खावा लागला आणि १८५९ मध्ये कुठे सरकारी जाहीरनामा निघाला. पदराच्या चुण्या किती रेशमी रंगवल्यात यावर पुस्तकं आहेत. पदर कुणाला घेता येत होता यावर फलक नाही.

पण मला या संग्रहालयात खरं शोधायचं होतं ते वेगळंच. १८८५ ते १९०८ या काळात एडगर थर्स्टन हा इंग्रज इथला अधीक्षक होता. त्याने दक्षिणेतल्या जातीजमातींच्या माणसांची डोकी मोजली, नाकं मोजली, लांबी-रुंदीची गुणोत्तरं काढली, आणि के. रंगाचारींच्या मदतीने १९०९ मध्ये ‘कास्ट्स अँड ट्राइब्ज ऑफ सदर्न इंडिया’चे सात खंड काढले. त्यांत छायाचित्रंही आहेत. माणसं समोर बघत उभी, आणि खाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जातीचं नाव. नमुना म्हणून. अँजेलचा चेहरा विरघळला पण नाव राहिलं. इथे चेहरा अगदी स्पष्ट आहे, सुरकुतीन् सुरकुती, आणि नाव गेलं. असल्याच नाकांच्या मापांचे तक्ते हातात घेऊन बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’मध्ये दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत हे या मापांतूनच खोटं ठरतं. मोजलेल्यांनी मोजपट्टी हिसकावली ती अशी. आणि मद्रासमध्ये ती सुरुवात त्याआधीच झाली होती. थर्स्टन इथे अधीक्षक असतानाच, याच शहरात, पंडित अयोती दासांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संघ उभा केला आणि १९०७ पासून ‘ओरु पैसा तमिळन्’ हे साप्ताहिक चालवलं. आम्ही पूर्वीचे बौद्ध आहोत, असं ते त्यात लिहीत होते. थर्स्टनच्या खंडांना संग्रहालयाच्या इतिहासात जागा मिळते. अयोती दासांचा एक अंकही या इमारतीत का नसावा, हा माझा साधा प्रश्न आहे.

याच आवारात अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे पांढरट शिल्पपट्ट आहेत. आपल्यातले जे कुणी चेन्नईला जातील त्यांनी ते चुकवू नयेत. अमरावतीला सापडलेल्या दानलेखांत एक लेख विधिक नावाच्या चर्मकाराचा आहे. नाग नावाच्या उपाध्यायाचा तो मुलगा. आपली आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली यांच्यासह त्याने पूर्णघट कोरलेला एक पट्ट दान दिला. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव, धंदा आणि आईचा उल्लेख दगडात कोरून घेतला, आणि धंदा लिहायला तो लाजला नाही. बाप शिक्षक, मुलगा चर्मकार, यात कुणाला विसंगती वाटली नाही. आजच्या अर्जावरच्या रकान्याशी हे ताडून पाहा.

पिअर बोर्द्यू आणि त्याच्या सहकाऱ्याने १९६६ मध्ये युरोपातल्या कलासंग्रहालयांत कोण येतं याचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा की दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत येतात ते शिकलेल्या घरचे, कारण बघण्याची सवय घरातून मिळते आणि ती निसर्गदत्त अभिरुची असल्यासारखी मिरवली जाते. आपल्याला हे बोर्द्यूने सांगायची गरज नव्हती. संग्रहालयातली शांतता ही आपल्याला बँकेतल्या किंवा कोर्टातल्या शांततेसारखी वाटते, काहीतरी चुकेल आणि कुणीतरी हटकेल अशी. मैत्रिणी, तुला ‘चियारोस्कुरो’चा उच्चार येत नाही म्हणून तू बाहेर थांबू नकोस. तुझ्या आजीने किती जणींची बाळंतपणं केली, तुझी आई कुणाच्या गॅलरीत कुणाचं धुणं वाळत घालते, हे तुला माहीत आहे. त्या भिंतीवरच्या निम्म्या चित्रांत नेमकी हीच कामं चालू असतात आणि ती करणाऱ्या हातांबद्दल तिथल्या तज्ज्ञांपेक्षा तुला जास्त कळतं. फलकावर नाव नसेल तर विचार. अभिप्रायवहीत लिही, मराठीत लिही. आम्ही लिहिलं: अँजेलचं बाळ कुठे आहे? खाली मैत्रिणीने तेच तमिळमध्ये लिहिलं.

आणि हो, घरकामाला काम मानण्याचा प्रश्न चित्रांपुरता नाही. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्याला भारताने अजून मंजुरी दिलेली नाही. ज्या सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे, तिथल्याच दिवाणखान्यांत इम्प्रेशनिस्टांच्या चौकटी टांगलेल्या असतात, आणि त्यांवरची धूळ कोण पुसतं हेही सांगायला नको.

संध्याकाळी एग्मोरहून तांबरमच्या लोकलमध्ये बसल्यावर मैत्रिणीने मुक्ता साळवेचा निबंध मागितला. मी फोनवरून एकेक ओळ वाचून अर्थ सांगत गेले, ती वहीत तमिळ करत गेली. मांबलमपर्यंत चांगलं चाललं होतं. मग बाळंतिणीच्या वाक्याशी गाडी अडली. ‘छप्पर’साठी तिने आधी ‘कूरै’ लिहिलं, मग विचारलं, गवताचं की कौलांचं? मी म्हटलं, दोन्ही नाही, नव्हतंच. ती म्हणाली, ते कळलं, पण कुठलं नव्हतं ते लिहावं लागेल. सैदापेट गेलं तरी आमचं ठरत नव्हतं.